केसांबद्दल विचारतायत

५ ऑगस्ट
दुकान

धाकट्या,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम गाळलंय, हे आधी बघून घे.

तुझी चिठ्ठी लाँड्रीवाल्याने चार गिऱ्हाइकांच्या देखत माझ्या हातात ठेवली. सव्वा वर्षाने भावाची चिठ्ठी येते आणि तीत वाक्यं किती, तर चार. ‘ताई, तिथे केसांबद्दल विचारतायत. तू कापलेस असं लिहू का? बाबांची शेवटची इच्छा होती म्हणून कापलेस, हेही लिहीन, म्हणजे तुला कोणी नावं ठेवणार नाही. तू नको म्हणालीस तर लिहिणार नाही.’ खाली तारीख आणि सही. मी बँक आहे का रे? ताई, बरी आहेस का, मशीनचा पट्टा बदललास का, एकटीने सगळं कसं उरकतेस, काही म्हणजे काही नाही.

उत्तर असं की नको. माझं नाव तिथे घ्यायचं नाही. खरं तर पत्र इथे संपलं, पण आज काज-बटणांशिवाय दुसरं काम नाही आणि अंगाचा तिळपापड झालाय, तेव्हा पुढचंही ऐक.

‘तिथे’ म्हणजे कुठे, हे सांगायची तसदी तू घेतली नाहीस. गरजही नव्हती. तू ज्या टॅबवर ऑर्डरी घ्यायचास तो अजून कटिंगच्या टेबलावरच असतो आणि त्यात तुझं खातं सताड उघडं आहे. दिवसभर टिंग टिंग करतो. परवा शाळेतल्या बाईंनी विचारलं, “ऑर्डर आली वाटतं?” मी म्हटलं, “हो, एकाला नवा धर्म शिवून हवाय, उधारीवर.” त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

तर मी ते पान वाचलं. ‘नव्यांची ओळख’. जगभरातले नवे शीख येऊन आपापली ओळख करून देतात आणि जुने त्यांना या, बसा करतात. तुझीही ओळख आहे तिथे. तुझे खासगी निरोप मी उघडत नाही, तेवढी लाज आहे मला. पण चारचौघांत मांडलेलं वाचायला कोणाची चोरी नाही. तू लिहिलंयस:

‘मी नवा आहे. वय एकतीस. घर शिंपीकाम करणारं. गुरुद्वाऱ्यातल्या चादरींची मापं घ्यायला गेलो आणि जरा टेकलो. कोणी काही विचारलं नाही. मग जातच राहिलो. केस दीड वर्ष वाढवले होते, ते गेले. दोष माझाच आहे. आता पुन्हा वाढवतोय. घरी तसं कोणी नाही. वडील गेले. त्यांना मी असा चालत नव्हतो. लवकरात लवकर अमृत घ्यायची इच्छा आहे.’

एकेक वाक्य घेऊ. चादरींचं खरं आहे. मीच पाठवलं होतं तुला, टेप आणि वही देऊन. पहिल्यांदा आलास आणि म्हणालास, लांबी चुकली, परत जाऊन येतो. दुसऱ्यांदा रुंदी चुकली. तिसऱ्यांदा म्हणालास, मोजल्याच नाहीत. सोळाव्या वर्षापासून ज्याचं माप अर्ध्या बोटानेही चुकलं नाही, तो साध्या चौकोनी चादरीत तीनदा चुकतो, तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी बसले कमरेच्या पट्ट्या जोडत.

‘घरी तसं कोणी नाही.’ मग मी कोण आहे? मशीनचं पेडल? ‘तसं’ ह्या शब्दात मी स्वतःला कुठे शोधू?

आणि ‘त्यांना मी असा चालत नव्हतो’. हे वाक्य काढ. आजच्या आज काढ. अमृत म्हणजे काय तेही मी वाचलंय, पाच जणांपुढे उभं राहून शब्द द्यायचा आणि पक्कं शीख व्हायचं. हो बाबा, हो. दाढी वाढव, पगडी बांध, कडं घाल, मी कुठे आडवी आलेय? पण मेलेल्या बापाचं गाऱ्हाणं त्या पानावर मांडायचं नाही. बाबांबद्दल तुला काय माहितेय?

टॅबमधून तुझं खातं कसं काढायचं ते कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

ताई


१८ ऑगस्ट
दुकान

धाकट्या,

ह्या वेळी तीन वाक्यं. प्रगती आहे. ‘तुझं नाव घेणार नाही. बाबांबद्दलचं वाक्य काढणार नाही, कारण ते खरं आहे. काळजी घे.’ कोणाची काळजी घेऊ? माझी, की तुझी अब्रू त्या पानावर रोज धुतली जातेय तिची?

त्या माणसाला मी ‘वकील’ म्हणते. त्याचा खरा धंदा काय असेल देव जाणे, पण उलटतपासणी घेतो. तुझ्या ओळखीखाली त्याने लिहिलं, ‘केस गेले म्हणजे काय? आजारात गेले, की कापले?’ तू म्हणालास, कापले. ‘कोणी कापले?’ तू म्हणालास, ते सांगता येणार नाही. ‘मग तुम्ही स्वतःच कापले असणार. हौस म्हणून दोन दिवस पगडी घालणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत.’ आणि ह्यावर तू काय लिहावंस? ‘आपला राग समजू शकतो.’ अरे, काय समजू शकतोस? परका माणूस तोंडावर तुला ढोंगी म्हणतो आणि तू मूग गिळून बसतोस? घरात तर ताटात मीठ कमी पडलं तरी आकांडतांडव करायचास.

मला वाटलं होतं मला बरं वाटेल. खरं सांगते, पहिले दोन दिवस वाटलंही. बघा, तुमच्या गळ्यात पडायला गेला आणि तुम्हीही झिडकारलंत. मग तिसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी टॅब उघडला आणि बघते तर तो अजून तुला धारेवर धरून होता. मला इतका संताप आला की पहिल्याच पँटची बाही उलटी जोडली. पँटला बाही नसते हे तुला माहितेय. शर्ट होता. बघ, डोकं कुठे असतं माझं.

ते पान चालवणारे मास्तर, निवृत्त शिक्षक असावेत असं त्यांच्या बोलण्यावरून वाटतं, ते बरे आहेत. त्यांनी लिहिलं, महिनाअखेर नावं द्यायची आहेत, दहा सप्टेंबरला अमृत आहे, केसांचा खुलासा झाला तर मुलाचं नाव देता येईल, नाही तर पुढच्या वर्षी. ते तुला मुलगा म्हणतात. एकतीस वर्षांचा घोडा.

तेव्हा मी परवानगी देते. लिही माझं नाव. पण तुझ्या मनाने लिहायचं नाही, जे घडलं ते लिहायचं. अकरा दिवस तू बाबांजवळ होतास. त्या दुपारी तू डोकं धुऊन आलास, केस वाळवत वेताच्या खुर्चीत बसलास आणि बसल्या बसल्या झोपलास. बाबांनी मला जवळ बोलावलं. दम लागत होता, तरी म्हणाले, माझा पोरगा होता तसा मला दिसू दे. एवढंच म्हणाले. मी कटिंगची मोठी कातर आणली. खांद्यापर्यंतचेच होते केस, पाच-सहा वेळा कातर चालवली, काम झालं. तू जागा झालास, मी म्हटलं, बाबांनी सांगितलं. तू बाबांकडे बघितलंस. त्यांना झोप लागली होती. तू पिशवी उचललीस आणि गेलास. एक शब्द बोलला नाहीस, हे मात्र मला आजही खुपतं. एखादी शिवी तरी द्यायची होतीस.

हे असं लिही. म्हणजे त्यांना कळेल की हौस नव्हती, आणि मलाही कोणी राक्षसीण म्हणणार नाही. फक्त हे आत्यापर्यंत जाऊ देऊ नकोस. आत्याला मी सांगितलंय की तू स्वतःहून कापलेस, बाबांसाठी. ती अजून ज्याला त्याला सांगत सुटते, पोरगा शेवटी वळणावर आला हो. तिचा आनंद कशाला घालवायचा?

हे सगळं मी तुझ्यावर प्रेम ऊतू चाललंय म्हणून करत नाही. त्या वकिलाचं तोंड बंद व्हावं म्हणून करतेय.

ताई


२९ ऑगस्ट
घर

धाकट्या,

दुकान बंद ठेवलंय. बाहेर पाटी लावली, तब्येत बरी नाही. तब्येत चांगली आहे. हात चालत नाहीत.

तू लिहिलंस. मी सांगितलं तसंच्या तसं लिहिलंस, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. वकिलाने माफी मागितली. मास्तरांनी लिहिलं, मुलाचं नाव दिलं आहे, दहा तारखेला सकाळी लवकर ये. झालं ना तुझ्या मनासारखं? मग त्याखाली काय चाललंय ते वाचलंस का? वाचलंसच, कारण तू उत्तरं दिलीयस.

एक बाई लिहितात, ‘मरताना पोटच्या पोराला असं करायला सांगणारा बाप कसला?’ त्यांच्याखाली कोणीतरी म्हणतो, ‘अशांना बाप म्हणू नये.’ आणखी एकाने तर बाबांना असा शब्द वापरलाय की मास्तरांनी तो पुसला, पण पुसायच्या आधी मी वाचला होता. ज्यांनी बाबांना कधी पाहिलं नाही, त्यांच्या हाताची शिलाई अंगावर घातली नाही, ते लोक बाबांना बोलतायत. बाबांना! गिऱ्हाइकाची पँट उसवली तर स्वतःच्या चुकीसारखे कान पकडणाऱ्या माणसाला!

आणि तू? ‘माझे वडील वाईट नव्हते’ असं एकदा लिहिलंस. एकदा! मग त्या वकिलाने, आता तुझा मोठा कैवारी झालाय ना तो, त्याने लिहिलं, ‘त्या बापाला विसर. अमृत घेतलंस की गुरूच तुझा बाप.’

आणि तू त्यावर लिहिलंस, ‘हो. प्रयत्न करतोय.’

मला तुमच्या धर्मातलं कळत नाही. गुरूला बाप म्हणत असतील तर त्यात काही चांगलंच असेल, मी कोण नाक मुरडणारी? पण ते म्हणताना आधीचा बाप पुसून टाका असं तुमच्या गुरूने सांगितलंय का? मास्तरांना विचार. मला नाही वाटत सांगितलं असेल.

‘हो’ कसं लिहिलंस रे तू? बाबांना विसरायला हो म्हणताना बोट कसं चाललं तुझं?

नाही. हे मी तुला विचारू शकत नाही. हे पत्र टाकू नये असं वाटतंय. टाकते.

ताई


३ सप्टेंबर
दुकान

धाकट्या,

खाली उतरवलंय ते मी काल ‘नव्यांची ओळख’ ह्या पानावर लिहिलं. तुझ्या खात्यातून नाही, स्वतःचं खातं उघडून, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोसकट. आधी तिथे टाकलं आणि आता तुला लिहितेय, म्हणजे मला माघार घेता यायची नाही. मी स्वतःला ओळखते.

‘मी नवी आहे. शीख नाही आणि होणार नाही. हे पान माझ्यासारखीसाठी नाही, पण लिहायची सोय इथेच दिसली. ज्या मुलाचे केस बहिणीने कापले असं तुम्ही वाचलंत, ती बहीण मी. केस मी कापले, तो झोपेत असताना, हे खरं. वडिलांनी सांगितलं, हे खोटं. त्यांनी असलं काही सांगितलं नव्हतं. कधीच नाही. ते झोपले होते. माझ्या भावाने तुम्हाला जे सांगितलं ते मी त्याला शिकवलं होतं, आणि तो ते खरं मानतो, म्हणून तो खोटारडा नाही, मी आहे. आमच्या वडिलांना जे जे बोललात ते मला बोला. मी रोज वाचीन. त्यांच्यावरचं मात्र पुसा.’

एवढंच. बाकी तिथे लिहिलं नाही, कारण ते त्यांचं नाही.

वकिलाने लगेच विचारलं, ‘तुम्ही त्याची बहीण, ह्याला पुरावा काय?’ मी दुकानाचा पत्ता दिला आणि लिहिलं, या, माप देऊन जा, कातर दाखवते. मास्तरांनी लिहिलं की वडिलांवरचं सगळं पुसलं आहे, मुलाचं नाव यादीत तसंच आहे, आणि तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. मला त्यांची शाबासकी नकोय. कोणीतरी दोन शिव्या दिल्या त्या मात्र नीट वाचल्या. आत्याला मी स्वतः फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला, मग अर्ध्या तासाने पुन्हा लावला आणि म्हणाली, “तू माझ्या दारात येऊ नकोस.” तिचं बरोबर आहे.

आता तुझं.

मी म्हटलं होतं की तुझे खासगी निरोप वाचत नाही. वाचते. सगळे वाचले. मास्तरांनी तुला विचारलं होतं की बहिणीवर राग आहे का, आणि तू लिहिलं होतंस, ‘तिने वडिलांचं ऐकलं. मी ऐकलं नव्हतं. तिच्यावर राग कशाला?’ म्हणजे तू मला केव्हाच माफ करून बसला होतास. पण ती माफी बापाचा शब्द पाळणाऱ्या बहिणीला होती. अशी बहीण तुला नाही. तेव्हा ती परत घे. तुझी चिठ्ठी आल्यापासून मला हीच भीती होती आणि म्हणूनच मी इतकी तोंड सोडून बोलत होते. तू आणखी एकदा ‘बाबांची इच्छा’ म्हणालास तर माझ्या तोंडून निघून जाईल असं वाटायचं.

का कापले ते सांगते. तू दीड वर्ष तोंड दाखवलं नव्हतंस. दुकान मी चालवलं, बाबांचं सगळं मी केलं, न्हाऊ घालणं, भांडं देणं, रात्री उठून बसवणं. दीड वर्षात ते माझ्याकडे बघून एकदा हसले असतील तर शपथ. आणि तू आलास, दाढी, पगडी, कडं, सगळा सरंजाम घेऊन, आणि बाबा हसले. नुसते हसले नाहीत, तुझ्या पगडीला हात लावून विचारलं, “कापड कुठलं? किती मीटर लागतं?” ‘असा चालत नव्हतो’ म्हणे! शेजारच्या काकूंनी विचारलं, हे कोण आलंय, तर म्हणाले, “आमचा धाकटा. आता शीख झालाय.” जसा काही साहेब झालास. माझ्या हातचं दोन घास खाताना ज्यांना दम लागायचा ते तुझ्या हातून अख्खी वाटी संपवायचे. मला बघवलं नाही. मी तुझ्यावर जळले. हा शब्द मी कधी तोंडाने उच्चारला नव्हता, आज लिहितेय.

त्या दिवशी सकाळी तू औषधं आणायला गेला होतास. बाबांनी मला कपाटातलं पांढरं सुती कापड मागितलं, मांडीवर कटिंगचा छोटा पाट घेतला आणि बसल्या बसल्या कापायला लागले. वीस मिनिटांचं काम, त्यांना दीड तास लागला. तुम्ही लोक आत घालता तो कच्छेरा. कोणा जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून त्यांनी तो कसा बेततात ते विचारून घेतलं होतं, मला न सांगता. तुकड्यांची घडी केली, टाचणी लावली आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, “माझ्याच्याने आता मशीन होत नाही. तू शिव. तो जायच्या आत. आणि त्याला आत्ता सांगू नकोस, माझ्या हाताने देईन.”

ही त्यांची शेवटची इच्छा होती. मला सांगितलेली. दुसरी कुठलीही नव्हती.

मी घडी फळीवर फेकली. दुपारी तू झोपलास. कातर पाटावर होती, त्यांनी ठेवली तशीच. पुढचं तुला माहितेय.

पुढचं नाही माहीत. संध्याकाळी ते उठले, तुला हाक मारली. मग खाली पडलेले केस दिसले. मी झाडायचे विसरले होते की मुद्दाम ठेवले होते, मला खरंच सांगता येत नाही. त्यांनी विचारलं, “तू हे काय केलंस?” त्यानंतर नऊ दिवस ते होते आणि ते नऊ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाणी हवं असलं तर पेल्याकडे बघायचे. फक्त एकच वाक्य रोज, सकाळ-संध्याकाळ, “त्याला फोन लाव.” मी फोन कानाला धरायचे आणि म्हणायचे, उचलत नाही. धाकट्या, मी एकदाही लावला नाही. नऊ दिवसांत एकदाही नाही. तू उचलला असतास, हे मला माहीत होतं म्हणून.

लोकांना सांगितलं, बाबा समाधानाने गेले. आत्याला, काकूंना, गिऱ्हाइकांना, आणि सगळं उरकल्यावर पत्राने तुला. इतक्यांदा सांगितलं की मधेमधे मलाच खरं वाटायचं.

दहा तारखेला जा. मान वर करून जा. मास्तरांनी विचारलं की घरी कोण, तर माझं नाव नाही घेतलंस तरी चालेल. पण त्या वकिलाने पुन्हा बापाचा विषय काढला तर त्याला काय सांगायचं ते आता तुला ठाऊक आहे. गुरू बाप असेल तर असू दे. ह्या बापाची जागा रिकामी करून द्यावी लागणार नाही.

तुकडे मी काल फळीवरून काढले. शिवलेले नाहीत. काल रात्री मशीनवर घेतले होते, पण तुला न विचारता तुझ्या अंगाच्या कशालाही पुन्हा हात लावायचा नाही, म्हणून उचलून ठेवले. नको म्हणालास तर तसेच पाठवीन, कोणाकडूनही शिवून घे. शिव म्हणालास तर एका दिवसाचं काम आहे. काहीच कळवलं नाहीस, तर तेही मला कळेल.

टाचणीला एक चिठ्ठी होती, बाबांच्या अक्षरातली. तुझी मापं. मी आपल्या वहीशी ताडून बघितली, सवय. वहीत तुझी कंबर चौतीस आहे आणि त्यांनी बत्तीस लिहिलीय. नाडीच्या कपड्याला कंबर लागतही नाही फारशी, तरी लिहिलीय. टेप त्यांनी तुझ्या अंगाला लावलीच नव्हती, तू खुर्चीत झोपायचास तेव्हा पलंगावरून बघून घेतलेलं माप. मला वाटलं, चुकले, नजर गेली होती शेवटी. मग आठवलं, तू आलास तेव्हा तुझ्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती. अकरा दिवस मी तुला वाढत होते, पण तू वाळलायस हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाबांच्या आलं होतं.

ताई